न मरणारा सूर

भेट म्हणून आलेल्या वस्तूची किंमत ती देणाऱ्याच्या आवडीवरून करावी, असा एक समज आहे. आमचा अनुभव याच्या अगदीं उलट आहे. ज्या एका भेटीनें आम्हांस चाळीस वर्षें सोबत केली, ती देणाऱ्याला नको होती म्हणूनच आमच्यापर्यंत येऊन पोंचली.

गोष्ट १९८३ सालच्या पावसाळ्यांतली. आमचे आतेभाऊ, ज्यांना घरांतले सर्व लहानथोर दादा म्हणत, त्यांस टोरांटोच्या एका उपनगरांत बिऱ्हाड करून तेव्हां आठ-नऊ वर्षें झालीं होतीं. पुण्यास येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर त्यांनीं आमच्यासाठीं एक कॅसेट धाडली. सोबत चिठ्ठी होती. "ही मंडळी आमच्याच गांवची. यांचीं आधींचीं गाणीं ऐकून मी गिटार हातीं धरली. आतां यांनींच गिटार अडगळींत टाकून विजेच्या पेट्या पुढें मांडल्या आहेत. माझ्यानें ऐकवत नाहीं. तुला पेटीचा नाद आहे, तेव्हां तूंच ठेव." कॅसेट होती रश या त्रिकुटाच्या 'सिग्नल्स' नांवाच्या संग्रहाची. तो आदल्या वर्षाच्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झाला होता.

ज्या वाचकांस या त्रिकुटाचा परिचय नसेल त्यांच्या सोयीसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. गेडी ली हे गायक आणि बेस गिटार वाजविणारे, ॲलेक्स लाइफसन गिटार वाजविणारे, आणि नील पीअर्ट हे ड्रम वाजविणारे. गीतेंही बहुतेक पीअर्ट यांचींच. पहिले दोघे टोरांटोच्या विलोडेल भागांत वाढलेले शाळकरी मित्र. पीअर्ट त्यांस १९७४ सालीं येऊन मिळाले. ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या पंथाचे हे मानकरी. त्यांच्या '२११२' (१९७६) या संग्रहांत एकच कथानक असलेलें गाणें तबकडीची एक अख्खी बाजू व्यापून बसलें आहे. असल्या लांबलचक गिटारप्रधान गाण्यांवर दादांसारख्यांचा पिंड पोसलेला. पण 'सिग्नल्स' (१९८२), 'ग्रेस अंडर प्रेशर' (१९८४), 'पॉवर विंडोज' (१९८५) आणि 'होल्ड युअर फायर' (१९८७) या चार संग्रहांत गाणीं आंखुड झालीं, कथा जाऊन माणसें आलीं, आणि गिटारीच्या जागीं सिंथेसायझर हें वाद्य येऊन बसलें.

हें वाद्य वरून पाहिलें तर आपल्या पेटीचें भावंड वाटतें, पण त्याच्या पोटांत भाता नाहीं कीं पितळी पात्या नाहींत. विजेच्या प्रवाहाला ठराविक वेगानें कंप द्यावयाचा, त्या कंपांतून उपजलेल्या नादांतला नको तो भाग गाळून टाकावयाचा, आणि उरलेला नाद किती झटकन् उठावा व किती सावकाश मावळावा हें बटणें फिरवून ठरवावयाचें, एवढाच त्याचा कारभार. १९७० सालच्या मिनीमूगला एका वेळीं एकच सूर काढतां येई. दहा वर्षांच्या आंत ओबरहाइमसारख्या यंत्रांतून अनेक सूर एकदम निघूं लागले आणि एकटा मनुष्य एखाद्या वृंदाएवढा नाद उभा करूं शकूं लागला. तरी या तिघांनीं रंगमंचावर चौथा वादक घेतला नाहीं. गेडी ली दोन्ही हातांनीं पट्ट्या दाबीत, पायांनीं खर्जाच्या पट्ट्या दाबीत आणि तोंडानें गात. आम्हांस ही कसरत कौतुकाची वाटे. दादांस ती हट्टाची वाटे.

दादांची तक्रार त्यांची एकट्याची नव्हती. १९७५ पासून या मंडळींचे संग्रह सिद्ध करण्यांत ज्यांचा हात होता ते टेरी ब्राउन 'सिग्नल्स'नंतर त्यांच्यापासून दूर झाले, आणि या नव्या वळणाविषयींचा मतभेद हें त्यांतलें एक कारण होतें. स्वतः लाइफसन यांनींही आपली गिटार या काळांत दबली गेली अशी खंत पुढें बोलून दाखविली. पण दादांनीं पत्रांतून जो मुद्दा मांडला तो आम्हांस दुसऱ्या कोणाच्या तोंडीं आढळला नाहीं. त्यांनीं लिहिलें होतें, "तार छेडली कीं त्या क्षणापासून सूर मरूं लागतो. तो मरायच्या आंत त्याच्याकडून काय करवून घेतां येईल तेवढें घ्यायचें, यांतच वाजविणाऱ्याची सारी कला. तुझ्या त्या पेटींतला सूर बोट उचलीपर्यंत मरतच नाहीं. जें मरत नाहीं तें जिवंत तरी कसें म्हणावें?"

आम्ही पेटीच्या बाजूचे. घरांत हा वाद आम्हीं लहानपणापासून ऐकलेला. सारंगीच्या कैवाऱ्यांनीं पेटीला परकी आणि निर्जीव ठरविलें होतें. आकाशवाणीनें तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर उभें केलें होतें. तेव्हां दादांचें पत्र वाचून आम्हीं लगेच दोन पानी उत्तर खरडलें आणि त्यांत पेटीचे सर्व उपकार मोजून दाखविले. तें उत्तर आज आठवलें कीं हंसूं येतें. दादांच्या प्रश्नाला त्यांत उत्तर नव्हतेंच. तें या गाण्यांनीं दिलें, आणि तें आमच्या ध्यानांत यावयास फार काळ जावा लागला.

'सिग्नल्स'चें पहिलें गाणें 'सबडिव्हिजन्स'. आरंभीं सिंथेसायझरचे जाड, राखी रंगाचे सूर एखाद्या भिंतीप्रमाणें उभे राहतात. सात मात्रांच्या हिशेबामुळें ऐकणाऱ्याचें पाऊल नेहमीं चुकतें आणि आपण या रांगेंत बसत नाहीं असें त्यास उगीचच वाटूं लागतें. गाण्याचा विषयही तोच आहे. शहराच्या कडेला एकाच सांच्यांतून काढलेल्या घरांच्या ओळी, त्यांत वाढणारीं मुलें, शाळेंत दहा जणांसारखें वागलें नाहीं तर वाट्याला येणारा बहिष्कार, आणि दूर दिसणारे शहराचे दिवे. आम्ही तेव्हां पेठेंतल्या वाड्यांत राहत होतों. एका चौकांत आठ बिऱ्हाडें, एक नळ, आणि कोणाच्या घरीं काय शिजलें तें सर्वांस ठाऊक. एकटेपणाचें दुःख आम्हांस समजणें शक्य नव्हतें. आमचें दुःख असलेंच तर एकटें राहूं देत नाहींत हें होतें. तरी तें गाणें आम्ही रोज ऐकत असूं. न समजलेल्या गोष्टीची ओढ समजलेल्या गोष्टीपेक्षां पुष्कळदां अधिक असते.

त्याच बाजूच्या पाठीमागें 'न्यू वर्ल्ड मॅन' नांवाचें गाणें आहे. त्याची जन्मकथा मोठी गंमतीची आहे. कॅसेटच्या दोन बाजू सारख्या भरेनात, जवळजवळ चार मिनिटांची जागा रिकामी राहूं लागली, म्हणून तें अगदीं शेवटीं घाईघाईनें रचलें गेलें. आणि अमेरिकेंत पहिल्या चाळिसांत जाऊन बसण्याचा मान या मंडळींच्या गाण्यांपैकीं या एका भरतीच्या गाण्यालाच मिळाला. त्याच्या नंतर 'लूझिंग इट' येतें. तें आम्ही पुढें ढकलीत असूं, हें येथें कबूल केलें पाहिजे. पाय साथ देईनासे झालेली एक नर्तकी आणि शब्द सुचेनासे झालेला एक लेखक यांच्यावरचें तें संथ गाणें. त्या गीतांत हेमिंग्वेच्या दोन कादंबऱ्यांच्या नांवांचे पडसाद आहेत. बेन मिंक यांच्या विजेवरील व्हायोलिनचा त्यांत मोठा वांटा आहे. एकविसाव्या वर्षीं मनुष्याला कांहीं गमावण्याचें भय नसतें. आमचें बोट आपोआप पुढें ढकलण्याच्या बटणाकडे जाई.

दुसरा संग्रह 'ग्रेस अंडर प्रेशर'. या काळांतलें सर्वांत थोर गाणें कोणतें असें आम्हांस कोणीं विचारलें तर यांतल्या 'रेड सेक्टर ए'चें नांव आम्ही न अडखळतां सांगूं. गेडी ली यांचे आईवडील पोलंडांतले ज्यू. दोघेही हिटलरच्या छळछावण्यांतून वांचलेले. १९४५ च्या एप्रिलांत ब्रिटिश सैन्यानें बर्गन-बेल्सनची छावणी मुक्त केली तेव्हां त्यांची आई तेथें होती. आपल्या सुटकेसाठीं आलेले सैनिक पाहून तिचा विश्वास बसेना. बाहेर जग शिल्लक असेल ही कल्पनाच तेथील माणसांनीं सोडून दिली होती. कारण जग शिल्लक असतें तर त्यानें हें चालूं दिलें नसतें, असा त्यांचा साधा तर्क होता. आईनें मुलाला सांगितलेली ही हकीकत मुलानें मित्राला सांगितली आणि पीअर्ट यांनीं तिच्यावरून गीत रचलें. त्यांत स्थळ नाहीं, काळ नाहीं, कोणाचें नांव नाहीं. शीर्षकाचा उगम तर भलत्याच ठिकाणचा आहे. १९८१ च्या एप्रिलांत कोलंबिया हें अंतराळयान प्रथमच आकाशांत झेपावलें, तेव्हां हे तिघे तें पाहण्यास गेले होते; ज्या आवारांतून त्यांनीं तें पाहिलें त्याचें हें नांव. मनुष्याच्या बुद्धीचा पराक्रम जेथून पाहिला त्या जागेचें नांव मनुष्याच्या क्रौर्यावरील गाण्यास द्यावें, यांत जें कांहीं सुचविलें आहे तें आम्ही अधिक फोडून सांगत नाहीं.

या गाण्यांत गेडी ली यांनीं बेस गिटार खालीं ठेवली आहे. खर्जाचें सर्व काम यंत्राकडे दिलें आहे. एकच ठेका अखंड धांवत राहतो. तो थकत नाहीं, चुकत नाहीं, कोणासाठीं थांबत नाहीं. पीअर्ट यांनीं विजेवरचे ड्रम घेतले आहेत. लाइफसन यांची गिटार मधून मधून किंकाळीसारखी वर येते आणि विरते. आणि या सर्वांवर एका मुलाचा आवाज, ज्याची आई तेथें होती. येथें आम्हांस दादांच्या प्रश्नाचें उत्तर प्रथम अंधुक दिसलें. न मरणारा सूर निर्जीव असतो, हें त्यांचें म्हणणें खरें होतें. पण माणसांच्या भोंवतीं असें पुष्कळ कांहीं असतें जें निर्जीव असून मरत नाहीं. तारेचें कुंपण असतें, यादी असते, घड्याळ असतें. त्याच्या पुढें उभ्या राहिलेल्या माणसाचा मरणारा सूर ऐकूं यावयास पाहिजे असेल, तर मागें न मरणारा सूर धरून ठेवणारें कोणी तरी हवें. तार एकटी वाजली असती तर आपण तिची कारागिरी ऐकली असती. या यंत्रापुढें ती वाजली म्हणून तिचें मरण ऐकूं आलें.

एकदां हें कानांत बसल्यावर पुढच्या गाण्यांची किल्लीच हातीं आल्यासारखें झालें. त्याच संग्रहांत 'आफ्टरइमेज' आहे. ज्या स्टुडिओंत हे तिघे ध्वनिमुद्रण करीत तेथील एक तरुण सहाय्यक मोटार-अपघातांत वारला. त्याच्यावरचें तें शोकगीत. शोक आहे, पण ठेका धांवरा आहे, कारण मृत्यूची बातमी आल्यावर जग मंद होत नाहीं, हें ज्याच्यावर प्रसंग आला त्यास ठाऊक असतें. 'पॉवर विंडोज'मध्यें तर या मंडळींनीं सिंथेसायझरच्या जोडीला खराखुरा तंतुवाद्यवृंद आणि 'मॅरेथॉन' या गाण्यासाठीं समूहस्वर आणून बसविले. आम्हांस त्या संग्रहांतलें 'मिडलटाउन ड्रीम्स' अधिक जवळचें. लहान गांवांतला एक उतारवयाचा विक्रेता, गिटार घेऊन वणवण करणारा एक मुलगा, आणि चित्रें काढावयाचीं राहून गेलेली एक गृहिणी. तिघेही मनांतल्या मनांत गांव सोडून जाण्याची तयारी करीत असतात. गाणें त्यांची थट्टा करीत नाहीं आणि त्यांस खोटी आशाही लावीत नाहीं. आमच्या ओळखीचीं निदान डझनभर माणसें या गाण्यांत आम्हांस भेटलीं आहेत.

आणि 'होल्ड युअर फायर'मधील 'टाइम स्टँड स्टिल'. क्षणभर थांब, हा काळ नीट पाहूं दे, एवढेंच त्यांतलें मागणें. एमी मॅन यांचा स्त्रीस्वर त्यांत दुरून सांद दिल्यासारखा येतो. हें गाणें लिहिलें तेव्हां पीअर्ट पस्तिशीच्या आंत होते. पुढें १९९७ सालीं त्यांची एकुलती एक मुलगी अपघातांत गेली आणि दहा महिन्यांत पत्नीही गेली. त्यांनीं वाद्य सोडलें आणि मोटारसायकलवरून हजारों मैलांची भटकंती केली. पुढें कांहीं वर्षांनीं ते परत मित्रांबरोबर वाजवूं लागले. १९८९ च्या 'प्रेस्टो'पासूनच त्रिकुट हळूहळू गिटारीकडे वळलें होतें, आणि २००२ च्या 'व्हेपर ट्रेल्स'मध्यें तर सिंथेसायझर नांवालाही उरला नाहीं. दादांचें तेव्हां विजयी स्वराचें पत्र आलें. आम्हीं उत्तर दिलें कीं, ज्याचें घर रितें झालें त्याला मागें न मरणारा सूर ऐकवत नसेल. या पत्राला दादांनीं नेहमींप्रमाणें उलट उत्तर दिलें नाहीं.

'लूझिंग इट' हें गाणें लिहिल्यापासून तेहतीस वर्षें त्यांनीं रंगमंचावर वाजविलें नव्हतें. तें २०१५ च्या दौऱ्यांत प्रथम वाजलें. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें लॉस एंजलिसला झालेला कार्यक्रम पीअर्ट यांचा शेवटचा ठरला. शरीर मनाप्रमाणें साथ देत नाहीं तर वाजवावयाचें नाहीं, असा त्यांचा बाणा होता. ७ जानेवारी २०२० रोजीं मेंदूच्या कर्करोगानें ते वारले. त्या बातमीच्या दिवशीं रात्रीं आम्हीं जुनी कॅसेट काढली आणि जें गाणें आम्ही पुढें ढकलीत आलों होतों तें प्रथमच शेवटपर्यंत ऐकलें. दादांस फोन केला. ते म्हणाले, "मीही तेंच ऐकत होतों." एवढेंच बोलून त्यांनीं फोन ठेवला. त्यांच्या स्वरांत जें होतें तें केवळ परक्या वादकासाठीं नव्हतें, हें आम्हांस दोन वर्षांनीं कळलें.

२०२२ च्या ऑक्टोबरांत आम्ही टोरांटोस गेलों. विमानतळावरून दादांच्या घरीं जातांना दोन्ही बाजूंस एकासारखें एक घर, एकासारखें एक अंगण, आणि रस्त्यावर चिटपाखरूं नाहीं. 'सबडिव्हिजन्स'चे ते राखी सूर आम्हांस त्या रस्त्यावर न वाजतां ऐकूं आले. पेठेंतल्या वाड्यांतून उठून या रस्त्यावर येऊन राहिलेल्या मनुष्याला तें गाणें का ऐकवलें नसेल, हेंही तेव्हां ध्यानांत आलें. वयाच्या तिशींत नवीन घर मांडणाऱ्याला त्या घराची कैफियत ऐकावीशी वाटत नाहीं.

दादांनीं दार उघडलें. त्यांचा उजवा हात कांपत होता. डावाही थोडा. गिटार कोपऱ्यांत पेटींत बंद होती, आणि तिच्याविषयीं कोणी बोलत नव्हतें. वहिनींनीं स्वयंपाकघरांत हळूंच सांगितलें, "चार वर्षें झालीं. औषध चालू आहे. तुम्ही आपण होऊन विषय काढूं नका, भाऊजी." आम्हीं काढला नाहीं. जेवणें झालीं. नातीचा लहानसा सिंथेसायझर बैठकींत टेबलावर होता. दादा सहज त्याच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांनीं एक पट्टी दाबली. बोट कांपत होतें, मनगट कांपत होतें. सूर कांपत नव्हता. तो सरळ, स्थिर, दादा बोट उचलीपर्यंत तसाच उभा होता. दादांनीं दुसरी पट्टी दाबली, मग तिसरी. 'सबडिव्हिजन्स'चा आरंभ अर्धामुर्धा, चुकत-माकत, पण ओळखूं येईल असा उमटला. जें गाणें आपणांस ऐकवत नाहीं म्हणून त्यांनीं देऊन टाकलें होतें तें त्यांस सबंध पाठ होतें!

आम्ही गप्प बसलों. थोड्या वेळानें तेच म्हणाले, "तारेला दया नसते रे. बोट जरा हललें कीं ती लगेच चुगली करते. हें यंत्र कांहीं बोलत नाहीं." मग आमच्याकडे न पाहतां म्हणाले, "तरी लाइफसनची गिटार त्यांनीं दाबलीच. त्यांत बदल नाहीं."

त्यांत बदल करावा अशी आमचीही इच्छा नव्हती. निघतांना आम्हीं पिशवींतून ती जुनी कॅसेट काढून त्यांच्यापुढें ठेवली. ती परत करावी, एवढ्याचसाठीं पुण्याहून बरोबर नेली होती. दादांनीं ती उलटसुलट करून पाहिली. फीत कित्येक ठिकाणीं झिजली होती, आणि एकाच गाण्याच्या जागीं ती नव्यासारखी होती.

"दिलेली वस्तु परत घेत नाहींत," असें म्हणून त्यांनीं ती आमच्या हातीं दिली. "आणि हें गाणें आतां ऐकत जा. तुझेंही वय झालें."